कार्बन कर : चाळीतल्या घराला झेपेल का?

कोपरीकर | रात्री ९:४०

कॅनडाने १ एप्रिल २०२५ पासून सामान्य माणसाच्या पेट्रोल-गॅसवरचा कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर, शून्यावर आणला. वसुलीतला बहुतेक पैसा लोकांच्या खात्यात परत जात होता, तरी लोकांना तो नकोसा झाला. इकडे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उलटा सूर. कोपरीत पाणी तुंबलं की दोघं जण हमखास लिहिणार, "कार्बनवर कर लावल्याशिवाय लोक सुधारायचे नाहीत." लिहिणारे दोघेही दोन-दोन गाड्यावाले, हे जाता जाता.

प्रश्न साधा आहे. उद्या असा कर आपल्याकडे आला तर ठाणे-नवी मुंबईतल्या कमी मिळकतीच्या घराचं काय होईल? महिना पंधरा-वीस हजार मिळकत, घरात चार-पाच माणसं, असं घर धरा. माझं मत असं की कर तत्त्वाने बरोबर आहे, पण तो निघणार खालच्या माणसाच्या खिशातून. एसीवाला एसी बंद करणार नाही, भरून मोकळा होईल. पत्र्याच्या खोलीतला माणूस पंखा बंद करेल.

आकडे कोणाकडे असतील तर द्या. पक्षांची भांडणं इथे नकोत, त्यासाठी दुसरे पन्नास धागे वाहताहेत.

पॉपकॉर्न | रात्री ९:४४

जागा धरून ठेवतोय.

सई_नेरूळ | रात्री १०:२०

आकडे माझ्याकडून घ्या. कॉलेजात हाच विषय शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

एक टन कार्बन डायऑक्साइडमागे १००० रुपये कर धरू. कॅनडात शेवटी टनाला ८० कॅनेडियन डॉलर होता, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास, त्या मानाने हा किरकोळ. पेट्रोलच्या लिटरमधून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे लिटरला २ रुपये ३० पैसे. १४.२ किलोची गॅसची टाकी जळली की साधारण ४३ किलो, म्हणजे टाकीमागे ४३ रुपये. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलो धरतात, म्हणजे युनिटला ७२ पैसे.

आता दोन घरं. कळव्याच्या चाळीतलं घर महिन्याला ९० युनिट आणि एक टाकी वापरतं. वीज ६५, गॅस ४३, एकूण १०८ रुपये. घोडबंदरच्या टॉवरमधलं घर ६०० युनिट, १२० लिटर पेट्रोल आणि पाइपचा गॅस वापरतं. वीज ४३२, पेट्रोल २७६, गॅस तीसेक, एकूण ७३८. रुपयांत पाहिलं तर टॉवर सातपट भरतो. मिळकतीच्या प्रमाणात पाहिलं तर चाळीची मिळकत १८ हजार आणि टॉवरची अडीच लाख धरा, चाळीला ०.६ टक्के पडतात आणि टॉवरला ०.३ टक्के. कोपरीकर म्हणतात ते इथपर्यंत खरं आहे.

पण जमा झालेला पैसा सगळ्या घरांत सारखा वाटला तर? टॉवरच्या एका घरामागे चाळीतली चार घरं धरा. टॉवरचे ७३८ अधिक चाळीतल्या चार घरांचे ४३२ म्हणजे ११७०. पाच घरांत प्रत्येकी २३४. चाळीतल्या घराने भरले १०८, आले २३४. महिना १२६ रुपये फायद्यात. गरिबाला कर जाचक की नाही हे असं कराच्या दरावर ठरत नाही, पैसा पुढे कुठे जातो त्यावर ठरतं.

भाजी, दूध, सिमेंट यांच्या भावातून येणारा बोजा यात धरलेला नाही.

घोडबंदरवासी | रात्री १०:३८

टॉवरवाले म्हणून आमच्या नावाने बिल फाडलंत, आभार. पण ताई, पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून लिटरला मी चाळीसच्या वर कर भरतोच आहे. तुमचाच २.३ किलोचा आकडा घेतला तर हा टनाला सतरा हजारांहून जास्त कार्बन कर झाला. कॅनडाच्या तिप्पट. वर अजून एक कशाला?

(जुलै २०२४ पासून ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईतला पेट्रोलचा व्हॅट २६ वरून २५ टक्के आणि डिझेलचा २४ वरून २१ टक्के झाला. तोवर आपण उरलेल्या महाराष्ट्राहून जास्त भरत होतो.)

सई_नेरूळ | रात्री १०:५१

घोडबंदरवासी, मुद्दा मान्य आणि महत्त्वाचा. पेट्रोलवर आपल्याकडे कर भरपूर आहे, फक्त त्याला कार्बन कर म्हणत नाहीत. शिवाय गाडी असलेलाच तो भरतो, त्यामुळे इथे पेट्रोलवरचा कर युरोप-अमेरिकेइतका गरिबाला बोचत नाही. म्हणजे नवा कार्बन कर आलाच तर त्याचा खरा भार कोळशावर (म्हणजेच विजेवर) आणि स्वयंपाकाच्या गॅसवर येणार. आणि दिवा-पंखा-चूल सगळ्यांच्याच घरी आहे. म्हणूनच परतावा नसेल तर मी या कराच्या विरोधात मत देईन.

वायरमन६४ | रात्री ११:१५

मंडळी, येणार येणार काय म्हणताय? येऊन गेला की.

वीज खात्यात हयात गेली म्हणून सांगतो. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. २०१४ ला १००, २०१५ ला २००, २०१६ ला ४००. पॅरिस कराराच्या वेळी आपल्या सरकारने जगाला सांगितलं, बघा, आम्ही कोळशावर कर लावलाय. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. टनाला ४०० म्हणजे कोळशाच्या विजेवर युनिटला २८ पैसे. देशात पाऊण वीज कोळशाची. ९० युनिटवाल्या घराने त्यापायी महिन्याला वीसेक रुपये भरले, वर्षाला दोनशेच्या वर. बिलावर हे कुठे छापलेलं नव्हतं. तिथे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. उपकर वीज खरेदीच्या खर्चात मुरलेला.

पैसा कुठे गेला म्हणाल तर सौरऊर्जा वगैरेसाठी निधी काढला होता, त्यातला बराचसा खर्चच झाला नाही. २०१७ ला जीएसटी आला, तो उपकर रद्द झाला आणि तेच ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईसाठी वळवले. चाळीतल्या घराला परत आला तो शून्य.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ४०० पण गेले. त्याऐवजी कोळशावर जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे वीज कंपनीला त्याची वजावट मिळत नाही, तो दरातच येतो. यात गंमत बघा. आधी टनावर ठरलेली रक्कम होती, आता किमतीवर टक्के आहेत. म्हणजे हलका, स्वस्त, राखेचा कोळसा जाळला तर कर कमी. विजेचा दर कमी राहायला हे बरं, धुराच्या हिशोबाने उफराटं.

कोपरीकर | रात्री ११:२२

वायरमनकाका, दंडवत. म्हणजे पंधरा वर्षं आपण कार्बन कर भरला आणि कोणी निषेधाचं एक पत्रक काढलं नाही!

वायरमन६४ | रात्री ११:२६

बिलावर छापला असता तर मोर्चा आला असता. न छापलेला कर सर्वांत टिकाऊ.

दूरदेशी | रात्री ११:५८ (तुमची)

मूळची वाशी सेक्टर १७ ची, हल्ली ब्रॅम्प्टन. कॅनडाचं नाव निघालं म्हणून लिहिते.

इथे पैसे खरंच परत येत होते. २०२४-२५ ला ओंटारिओत चौघांच्या कुटुंबाला वर्षाचे ११२० डॉलर, आल्बर्टात १८००. खेड्यात राहणाऱ्याला वर २० टक्के. पण येत कसे होते? सुरुवातीला वर्षातून एकदा, आयकर विवरणात. २०२२ पासून तीन महिन्यांनी थेट खात्यात. बँकेच्या नोंदीत एक अगम्य लघुरूप, कोणाच्या ध्यानात येणार? शेवटी सरकारला बँकांच्या मागे लागावं लागलं, नाव नीट छापा म्हणून. आणि पेट्रोल पंपावरचा भाव मात्र आठवड्यातून एकदा डोळ्यांना खुपतोच. माझ्या ओळखीतले निम्मे लोक शपथेवर सांगतील की त्यांना काही मिळालंच नाही. मिळालं होतं.

त्यात २०२३ ला सरकारने घर तापवायच्या तेलाला तीन वर्षं सूट दिली. ते तेल वापरणारे जास्त करून पूर्वेकडच्या प्रांतांतले. मग बाकीचे म्हणाले, आम्ही काय घोडं मारलंय? तिथून कर सावरलाच नाही.

फ्रान्सचं वेगळं. तिथे २०१८ ला डिझेल महाग होत असतानाच श्रीमंतांवरचा संपत्ती कर मोडीत काढून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. एका हाताने गावाकडच्या डिझेलवाल्याकडून घ्यायचं, दुसऱ्या हाताने पॅरिसच्या धनिकाला सोडायचं. नोव्हेंबरात लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकात बसले. पुढच्या वर्षीची वाढ रद्द झाली.

रिक्षा_ठाणे | रात्री १२:१०

सीएनजीचं कोण बोलणार? किलोला पावणेतीन किलो धूर, म्हणजे ताईंच्या हिशोबाने किलोला पावणेतीन रुपये. भाडं वाढवायला परिवहनच्या बैठकीची वाट बघायची आणि गॅस उद्यापासून महाग. मधला काळ आमच्या अंगावर.

तुर्भेनाका | रात्री १:३५

मी एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारा, आहे. आवक रात्रीची, म्हणून या वेळेला जागा. राहतो तुर्भे स्टोअरला, भाड्याच्या खोलीत.

सईताईंचा हिशोब वाचला. १०८ भरले, २३४ आले. छान. आता मला सांगा, ते २३४ येणार कोणाच्या नावावर?

आमच्या चाळीला एक मीटर आहे, चाळमालकाच्या नावाने. आम्हाला प्रत्येकाला सबमीटर. मालक युनिटला बारा रुपये घेतो, सरसकट. बिलात ० ते १०० युनिटला स्वस्त दर असतो म्हणे. तो स्वस्त दर मी आयुष्यात पाहिलेला नाही. सगळ्या खोल्यांचे युनिट एका मीटरवर चढले की मालक कायम वरच्या टप्प्यात, आणि वरच्या टप्प्याचा दर अधिक त्याचा नफा असं आमच्याकडे येतं. बिलात काही सूट आली तर ती मालकाला. कर आला तर तो आम्हाला. दुसऱ्या दिवशी मालक दारात, "वीज महागली, आता तेरा."

गॅसचं तेच. माझी टाकी गावच्या पत्त्यावर, आईच्या नावावर. इथे मी पाच किलोची छोटी घेतो. ओळखपत्रावर मिळते पण सबसिडी नाही. शेजारचा पोरगा तर कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोवर भरून आणतो, किलोचा भाव दुकानदार सांगेल तो. राज्याने तीन टाक्या फुकट दिल्या त्याला अट काय, कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर हवं. ज्याच्या नावावर काहीच नाही तो या सगळ्या योजनांत दिसतच नाही. वस्तू महागली की मात्र सगळ्यांत आधी तोच दिसतो.

चाळीत आम्ही चौदा खोल्या. त्यातल्या एकाचंही नाव लाईट बिलावर नाही.

सई_नेरूळ | सकाळी ७:०५

तुर्भेनाका, रात्री झोपायच्या आधी तुमचा प्रतिसाद वाचला असता तर झोप लागली नसती. परतावा मीटरला जोडला की भाडेकरू सुटतो, हे खरं. स्वित्झर्लंडमध्ये घर तापवायच्या इंधनावरच्या कराचा दोन तृतीयांश पैसा लोकांत आणि उद्योगांत वाटतात. लोकांचा वाटा माणशी सारखा, आणि तो आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होतो. तिथे विमा प्रत्येकाला सक्तीचा आहे, म्हणून कोणी सुटत नाही. मुद्दा असा की पैसा माणसाच्या मागे जायला हवा, भिंतीवरच्या मीटरच्या मागे नको.

आपल्याकडे माणसाच्या मागे जाणारी काही यंत्रणा आहे का?

घोडबंदरवासी | सकाळी ८:३०

आधार आहे, जनधन आहे, लाडक्या बहिणीला १५०० जातातच. यंत्रणा नाही असं नाही. रडगाणं किती गायचं? आणि सबमीटरवर जास्त दर घेणं हा मालकाचा दोष, कार्बन कराचा नाही.

तुर्भेनाका | दुपारी २:१२

मालकाचा दोष आहेच. पण तुमचा कर त्या मालकाच्या हातून माझ्यापर्यंत येणार आहे, वाऱ्यावरून येणार नाही. आणि डिपॉझिट देऊन, अकरा महिन्यांचा करार करून राहणारा माणूस मालकाशी दराची हुज्जत घालत नाही. घातली तर बारावा महिना उजाडत नाही.

वायरमन६४ | दुपारी ३:०५

तुर्भेनाका लिहितात ते दिघ्यापासून मुंब्र्यापर्यंत सगळीकडे असंच. बिलावर एक नाव, आत चुली दहा. आमच्या वेळी साहेब म्हणायचे, या भागात दरडोई वापर फार. अहो, 'दर डोई' म्हणताना डोकी मोजली कोणी?

टीटीसी_बॉयलर | संध्याकाळी ६:४०

रबाळ्याला एका कारखान्यात बॉयलर बघतो. नाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे.

दुसरी बाजू मांडतो. आपण कर लावला नाही म्हणून तो टळत नाही. युरोपने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात मालाच्या कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे मोजणं सुरू केलं. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज. इथे कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजावट देतात, नसेल तर पूर्ण किंमत त्यांच्याकडे भरा. म्हणजे इथे घेतला असता तर इथल्या माणसाला वाटता आला असता, तो पैसा तिकडे जाणार. केंद्राने २०२३ ला कार्बन क्रेडिटच्या (धूर कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या पतीच्या) व्यापाराची योजना अधिसूचित केली ती याच वाटेने जाणारी, मोठ्या कारखान्यांसाठी. घरगुती टाकीला हात न लावता कार्बनला किंमत लावता येते, हे कोपरीकरांनी लक्षात घ्यावं.

कोपरीकर | संध्याकाळी ७:१५

लक्षात घेतलं. पण कारखान्याने भरलेले पैसे शेवटी सळईच्या आणि सिमेंटच्या भावात येणारच ना? फरक इतकाच की चाळीतलं घर महिन्याला सिमेंट विकत घेत नाही. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मला पटतं.

भाजीचं काय? डिझेल वाढलं की भाजी महाग, हे आपण लहानपणापासून ऐकतोय.

सई_नेरूळ | संध्याकाळी ७:५०

भाजीचा हिशोब करून बघू. नाशिकहून वाशीला तीन टनांचा टेम्पो. अंतर १७० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन ३४०. लिटरला आठ किलोमीटर, म्हणजे ४२ लिटर डिझेल. लिटरला २.७ किलो, टनाला १००० रुपये, एकूण ११३ रुपये वाढले. तीन हजार किलोवर वाटा. किलोला चार पैसेही होत नाहीत.

तुर्भेनाका | रात्री ९:०२

ताई, हिशोब बरोबर आणि बाजार वेगळा. चार पैसे कधी पट्टीवर (मालाच्या बिलावर) लिहिलेले पाहिलेत? टेम्पोवाला म्हणेल डिझेल वाढलं, भाड्यात पाचशे द्या. वाराईवाले, म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे, म्हणतील आमचंही बघा. आडत, म्हणजे दलाली, टक्क्यात, ती आपोआप वाढते. किरकोळवाला कोपरखैरण्यात गाडीवर किलोला दोन रुपये वाढवणार, कारण त्याच्याकडे सुट्टे नसतात आणि सगळ्यांनीच वाढवलेत. डिझेल उतरलं की यातलं कोणी खाली येत नाही, हेही लिहून ठेवा.

लोकमान्य_डबेवाली | रात्री ९:४८

रोज वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. लोकमान्य नगरला खानावळ आहे, वागळे इस्टेटमधल्या कामगारांना डबे देते.

आमची टाकी १९ किलोची, कमर्शियल. तिला सबसिडी नाही, कसलीच योजना नाही. सईताईंच्या हिशोबाने १९ किलोला ५७ रुपये कर. एका टाकीत माझे ऐंशी डबे होतात. म्हणजे डब्यामागे ७० पैसे. तुम्ही म्हणाल काहीच नाही.

७० पैसे मी गिऱ्हाइकाकडे मागू शकत नाही. पाच रुपये वाढवले तर दहा माणसं समोरच्या खानावळीत जातात, तिथे वरण पाण्यासारखं असलं तरी. तुर्भ्याच्या दादांचा किरकोळवाला दोन रुपये वाढवू शकतो कारण कांदा सगळ्यांना लागतो. डबा वाढवता येत नाही. मग मी काय करते? आठवड्यातून दोनदा उसळ असते तिथे एकदा होते, दुसऱ्या दिवशी बटाटा. पोळ्या चारच, पण गोळा लहान. जेवणाऱ्याला कळतं, बोलत नाही, कारण त्यालाही दुसरं परवडत नाही. हा कर कोणत्या खात्यातून कोणाला परत देणार?

पॉपकॉर्न | रात्री ९:५५

पॉपकॉर्न खाली ठेवले.

घोडबंदरवासी | रात्री १०:३०

ताई, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मग करायचं काय? कोळसा असाच जाळत राहायचा? उन्हाळा वाढला की पत्र्याखालचा माणूसच आधी भाजतो. त्याच्याच भल्यासाठी धूर कमी व्हायला हवा ना?

सई_नेरूळ | रात्री ११:०५

घोडबंदरवासी, हो. आणि तो पत्र्याखालचा माणूस आधीच लोकलने जातो, शेअर रिक्षाने जातो, एक पंखा लावतो. भारताचं दरडोई उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि या घरांचं आपल्या सरासरीच्याही बरंच खाली. भाव वाढवून त्याच्याकडून अजून काय कमी करून घ्यायचंय? किंमत वाढवून सवय बदलायची तर ज्याच्याकडे बदलायला काही आहे त्याची बदलावी. म्हणून १०० युनिटपर्यंतच्या विजेला आणि घरगुती टाकीला हा कर नकोच, असं मी म्हणेन.

वायरमन६४ | रात्री ११:१२

१०० युनिट कोणाच्या मीटरवर, सईताई? परत चाळमालकच आला.

सई_नेरूळ | रात्री ११:२०

बरोबर. मग माणशी पैसे हाच रस्ता उरतो. रेशनचं उदाहरण घ्या. 'एक देश एक रेशन कार्ड' ची सुरुवात २०१९ ला झाली तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. कार्ड गावचं असलं तरी धान्य तुर्भ्यात उचलता येतं. २०२१ च्या दुसऱ्या उज्ज्वला योजनेत स्थलांतरित कुटुंबाला पत्त्याच्या कागदाऐवजी स्वतःचं लेखी निवेदन चालतं. म्हणजे पत्ता नसलेल्या माणसापर्यंत पोचायच्या वाटा सरकारला माहीत आहेत. मीटर, मालक, पत्ता यांतलं काही न विचारता माणशी रक्कम द्यायची. डबेवाली ताईंच्या ७० पैशांचं उत्तर यात नाही, पण त्यांच्याकडे जेवणाऱ्या कामगाराच्या हातात चार पैसे जास्त आले तर डब्याचा दर वाढवायला त्यांना थोडी तरी जागा मिळेल.

दूरदेशी | रात्री ११:४०

आणि रक्कम महागाईला बांधा. इराणमध्ये डिसेंबर २०१० ला इंधनावरची सूट काढली आणि माणशी महिन्याला ४५,५०० तोमान द्यायला लागले. सुरुवातीला गरीब घराला ती रक्कम भरघोस होती. भाव वाढत गेले, रक्कम वर्षानुवर्षं तिथेच, शेवटी तिच्यात काही येईना. एक गोष्ट मात्र त्यांनी हुशारीने केली होती. भाव वाढायच्या आधीच पैसे लोकांच्या खात्यात टाकले. काढता येत नव्हते, पण दिसत होते. ज्या दिवशी भाव वाढले त्या दिवशी खातं उघडलं.

कोपरीकर | रात्री ११:५२

आधी पैसे, मग भाव. आपल्याकडे कोळशाच्या उपकराचं नेमकं उलटं झालं. आधी घेतले आणि मग ठरवलं कशाला वापरायचे.

तुर्भेनाका, तुम्हाला हे चालेल का? माणशी रक्कम, आगाऊ, दर वर्षी महागाईप्रमाणे वाढणारी, आणि मग वीज-गॅस महाग.

तुर्भेनाका | रात्री १:२०

आगाऊ म्हणजे किती महिन्यांची ते सांगा. महिन्याभराची म्हणाल तर नाही. मालक एका रात्रीत तेरा करतो, सरकारचा दुसरा हप्ता ई-केवायसीत अडकतो. बोटाचे ठसे माझे उमटत नाहीत, गोणी उचलून गेलेत. सहा महिन्यांची रक्कम आधी खात्यात दिसली तर मी पुढचं ऐकून घेईन. आणि रक्कम माझ्या एकट्याच्या नावावर नको. गावाला आई आहे, तिचा वाटा तिच्याकडे जाऊ दे, नाहीतर तिकडची टाकी कोण भरणार?

घोडबंदरवासी | सकाळी ८:१०

सहा महिने आगाऊ? सरकारचं दिवाळं निघेल.

तुर्भेनाका | दुपारी १:४५

डिपॉझिट म्हणतात त्याला. आम्ही खोली घेताना देतो तेच.